मुरमावरचे शिलोद्यान

छत्रपती संभाजीनगरात भूखंड घेऊन घर बांधणाऱ्या गृहस्थाला अंगणाचा एखादा कोपरा हटकून दगा देतो. पाया खणताना निघालेला मुरूम तेथेच पसरलेला, पश्चिमेचे ऊन वैशाखात तेथेच भिंतीवर तापणारे, आणि टिकाव मारावा तर चार बोटांवर काळा कातळ खणखणणारा. अशा जागी मालक ट्रॅक्टरभर काळी माती ओतून हिरवळ लावतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ती करपली की नशिबाला बोल लावतो. दोष नशिबाचा नसून तजविजीचा आहे. ही जमीन मुळात दगडाच्या अंमलाखालची. तेथे दगडालाच कारभार सोपवावा, हे शहाणपणाचे.

मलिक अंबराने 1610 च्या सुमारास येथे खडकी वसवली आणि डोंगरांतले पाणी भूमिगत नहरींतून शहरात खेळवले. बीबी का मकबऱ्याच्या चारबागेसारख्या येथील शाही बागा अशा आणलेल्या पाण्याच्या जोरावरच बहरल्या. आज पैठणच्या नाथसागरातून पाणी उपसून आणावे लागते आणि कित्येक वस्त्यांत नळाची पाळी दिवसचे दिवस येत नाही; तेव्हा हिरवळीचा थाट सामान्य माणसाने कोणत्या हिमतीवर करावा?

या भूमीचा स्वभाव पाहायचा तर औरंगाबाद लेण्यांच्या टेकडीवर जावे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर तेथे एकावर एक रचलेले दिसतात. काही थर घट्ट, काही सच्छिद्र, आणि वरचा भाग झिजून मुरूम झालेला. झाड उगवते ते भेगेत, जेथे पावसाने धूळ नेऊन बसवली आहे. भर उन्हाळ्यात मुरमात रुतलेला एखादा पसरट दगड सकाळी उलथून पाहिला, तर वरून रखरखीत असणाऱ्या त्या दगडाच्या पोटाला ओल लागलेली असते, तिच्यात मुंग्यांची लगबग चाललेली असते आणि केसासारखी बारीक मुळे तेथे वळलेली असतात. दगड सूर्याला अडवतो आणि बाष्प रोखतो. शिलोद्यानाचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

इंग्लंडात क्यू येथे 1882 मध्ये मोठे शिलोद्यान झाले, आणि रेजिनल्ड फॅररने 1907 च्या आपल्या ग्रंथात ढिगाऱ्यावर टोकदार दगड खोचून ठेवणाऱ्यांची यथेच्छ टर उडवली. ती टर आपल्याकडच्या पुष्कळ बंगल्यांना आजही लागू पडते. चंडीगडचे नेकचंद यांचे उद्यान थोर खरे, पण ते शिल्पांचे. आपल्या कोपऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

दगडाचा निदान तिसरा हिस्सा जमिनीत गाडावा, त्याची पाठ किंचित मागे उताराकडे कलती ठेवावी म्हणजे पावसाचे पाणी मुळाशी वळते, आणि सर्व दगडांचे पदर एकाच दिशेने ठेवावेत. जेथे काळी माती आहे तेथे हातभर खणून मुरूम आणि खडी भरावी. नाहीतर पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती माती दोन वर्षांत सारी रचना विस्कटून टाकील. घराच्या जोत्याला दगड भिडवू नयेत, ओल चढते. दगडांमधल्या पोकळ्या माती ठासून बुजवाव्यात, कारण विंचू आणि फुरसे यांना अशी जागा फार आवडते.

रोपांत कोरफड, पानफुटी, कोरांटी आणि निवडुंग यांवर विसंबावे. घायपात दाराच्या वाटेवर नको, तिचे काटे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. दगड मात्र लेण्यांच्या अगर किल्ल्याच्या परिसरातून उचलून आणू नयेत. विहिरीच्या उकरातला आणि पाडलेल्या वाड्यांचा दगड मागितला तर पुष्कळ मिळतो. वाचकांनी या हिवाळ्यातच दगड बसवून घ्यावेत, पहिल्या पावसाने माती दबू द्यावी, आणि रोपे त्यानंतर आषाढात लावावीत.