कोलेस्टेरॉल आणि शाकाहारी ताट

रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला, की पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार पाळणाऱ्या जैन घरांत एक प्रश्न हमखास उमटतो : मांस नाही, अंडे नाही, कंदमूळही नाही, मग कोलेस्टेरॉल वाढले कसे?

कोलेस्टेरॉल हा प्राणिज घटक आहे. शेंगदाणा, करडई किंवा खोबरे यांच्या तेलात तो जवळजवळ नसतोच. डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापणारा त्यामुळे खोटे बोलत नाही. मात्र तो अर्धेच बोलतो. शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आणि ते लागतेही. पेशींची आवरणे, काही संप्रेरके व पित्त त्यापासूनच बनतात. अपाय होतो तो ते वाहून नेणारे एलडीएल कण रक्तात साचू लागले म्हणजे. हे कण उचलून घेणारे ग्राही यकृताच्या पेशींवर असतात. या यंत्रणेच्या संशोधनासाठी मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात संपृक्त स्निग्धांश वाढला, की ग्राहींचे काम मंदावते. पेढीच्या भाषेत सांगायचे तर आवक चालू राहते, उचल थांबते.

हा संपृक्त अंश खोबरेलात सुमारे ९० टक्के, तुपात ६० टक्क्यांहून अधिक, पामतेलात जवळपास निम्मा असतो. शेंगदाणा तेलात तो साधारण पाचवा हिस्सा, तर करडईच्या तेलात दहा टक्क्यांच्या आसपास असतो. वनस्पती तुपातील ट्रान्स मेद याहूनही वाईट, कारण तो एलडीएल वाढवतो आणि उपकारक एचडीएल घटवतो. भारतात जानेवारी २०२२ पासून त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

तरीही नुसते सोडून भागत नाही, हे टोरोंटो येथील डेव्हिड जेन्किन्स व सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या प्रयोगातून दिसले. कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ प्रौढांचे तीन गट करून त्यांना महिनाभर ठरावीक आहार देण्यात आला. ज्यांनी संपृक्त मेद केवळ कमी केला, त्यांचे एलडीएल आठ टक्के उतरले. त्याच आहाराला औषधाच्या गोळीची जोड मिळालेल्यांचे सुमारे ३१ टक्के उतरले. तिसऱ्या गटाला गोळी नव्हती. त्यांच्या ताटात ओट्स, जव, इसबगोल, सोयाबीन, बदाम, भेंडी आणि वनस्पतिज स्टेरॉल यांची भर होती. त्यांची घट सुमारे २९ टक्के भरली. (वांगेही त्यात होते; अनेक जैन घरे ते वर्ज्य मानतात, आणि त्यावाचून काही अडत नाही.)

भेंडी-इसबगोलाचा बुळबुळीतपणा येथे उपयोगी पडतो. तो विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतो व शरीराबाहेर नेतो. नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल उचलावे लागते.

त्यागाची सवय असलेल्या घरांत नेमकी ही भरच राहून जाते. पर्वतिथीला हिरवी भाजी नसते. तिची जागा मूग, मटकी, चणे यांनी घ्यावी, पण ती पुष्कळदा शेव-गाठिया आणि पुऱ्या घेतात. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर व तळण वगळून केवळ धान्य-कडधान्यावर दिवस काढता येतो, हे याच घरांना ठाऊक आहे. आयंबिल हे तप आहे, उपचार नव्हे. पण त्या स्वयंपाकातले बिनतुपाचे मूग एरवीच्या दिवशीही शिजू शकतात. मैदा आणि मिठाई यांचा हिशेब वेगळा आहे, त्यांनी मुख्यतः ट्रायग्लिसराइड वाढते.

जेन्किन्स यांच्याच २००६ सालच्या पाहणीत लोकांनी हा आहार आपापल्या घरी वर्षभर घेतला, तेव्हा सरासरी घट सुमारे १३ टक्क्यांवर आली. पथ्य काटेकोर पाळणाऱ्यांना अधिक लाभ झाला. ज्यांच्या घराण्यात एलडीएल आनुवंशिकतेनेच फार वाढलेले असते, त्यांना केवळ आहार पुरत नाही. भेंडी सुरू केली म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. आहार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून तो निर्णय त्यांनीच घ्यावयाचा असतो.