पस्तीस गोलांचा हिशेब

साखळी स्पर्धेची गुणतालिका म्हणजे संघाच्या अख्ख्या हंगामाचा एका ओळीत मांडलेला जमाखर्च असतो. खेळलेले, जिंकलेले, बरोबरीत सुटलेले आणि हरलेले सामने, केलेले गोल, अंगावर बसलेले गोल, त्यांच्यातील फरक आणि सरतेशेवटी गुण, असे तिचे रकाने असतात. ज्या स्पर्धेत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी खेळतो ती साखळी स्पर्धा, तर जीत हरलेल्या संघाला तत्काळ गाशा गुंडाळावा लागतो ती बाद पद्धतीची स्पर्धा. फुटबॉल आणि हॉकी या दोन्ही खेळांत ही तालिका एकाच रीतीने वाचली जात असल्यामुळे, ग्वाल्हेरच्या एका हॉकीपटूचा पराक्रम जिच्यात नोंदला गेला आहे ती अगदी छोटी तालिका मुंबईच्या एका फुटबॉल क्लबच्या तालिकेशेजारी ठेवून पाहता येते.

ही छोटी तालिका १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधील हॉकीची आहे. जागतिक मंदीच्या त्या वर्षी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत संघ पाठवणे बहुतेक देशांना परवडणारे नव्हते, आणि त्या ऑलिम्पिकला आलेल्या एकूण खेळाडूंची संख्याही १९२८ च्या निम्म्यापेक्षा कमी भरली. हॉकीसाठी भारत, जपान आणि यजमान अमेरिका असे तीनच संघ उरल्याने बाद फेरीला अर्थच राहिला नाही आणि स्पर्धा साखळी पद्धतीने खेळवली गेली. ४ ऑगस्टला भारताने जपानला ११–१ असे हरवले, ८ ऑगस्टला जपानने अमेरिकेवर ९–२ असा विजय मिळवला आणि ११ ऑगस्टला भारताने अमेरिकेचा २४–१ असा धुव्वा उडवला. तीन सामन्यांत स्पर्धा आटोपली.

विजयाला दोन गुण या तेव्हाच्या हिशेबाने भारताचे चार, जपानचे दोन आणि अमेरिकेचे शून्य गुण झाले. भारताने ३५ गोल केले व २ स्वीकारले, जपानने १० केले व १३ स्वीकारले, अमेरिकेने ३ केले व ३३ स्वीकारले. कोणतीही साखळी तालिका बरोबर आहे की नाही हे पडताळण्याची एक सोपी रीत आहे : एका संघाने केलेला प्रत्येक गोल दुसऱ्या कोणावर तरी बसलेला असतो, म्हणून दोन्ही रकान्यांची बेरीज सारखी यायलाच हवी. इथे दोन्हीकडे ४८ येतात. आता गंमत अशी, की स्पर्धेत तीनच संघ असल्याने दोन्ही सामने हरलेल्या आणि एकही गुण न मिळवलेल्या अमेरिकेला कांस्यपदक मिळाले, आणि ऑलिम्पिकमधील पुरुष हॉकीत त्या देशाचे ते आजवरचे एकमेव पदक आहे. तालिकेतील एकही आकडा चुकीचा नाही. पण ‘तिसरा क्रमांक’ हे दोन शब्द एकूण संघ किती होते हे सांगत नाहीत.

भारताच्या ३५ गोलांची वाटणीही पाहण्यासारखी आहे. जपानविरुद्ध ध्यानचंद यांचे चार, त्यांचे धाकटे बंधू रूपसिंह यांचे तीन, गुरमीतसिंग यांचे तीन आणि कार यांचा एक. अमेरिकेविरुद्ध रूपसिंह यांचे दहा, ध्यानचंद यांचे आठ, गुरमीतसिंग यांचे पाच आणि पिनिगर यांचा एक. म्हणजे ‘हॉकीचे जादूगार’ म्हणून ज्यांचे नाव घराघरांत पोहोचले त्यांच्या नावावर बारा गोल, आणि ज्यांचे नाव पुष्कळांना आज केवळ एका मैदानामुळे ठाऊक आहे त्या रूपसिंहांच्या नावावर तेरा. सत्तर मिनिटांच्या सामन्यात २४ गोल म्हणजे सरासरी तीन मिनिटांच्या आत एक गोल. अमेरिकेचा एकमेव गोल झाला तेव्हा भारताचे गोलरक्षक रिचर्ड अ‍ॅलन गोलखांबांमागे प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होते असे सांगितले जाते. ही गोष्ट तिखटमीठ लावलेली असू शकते, तथापि त्या सामन्याचा नूर ती नेमका पकडते.

दोन संघांचे गुण समान झाले तर वरचढ कोण, हे ठरवण्यासाठी पूर्वी गोलसरासरी वापरत, म्हणजे केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागत. त्या हिशेबाने १९३२ च्या भारतीय संघाची गोलसरासरी १७.५ येते, आणि सामनेही दोनच असल्याने दर सामन्यातील गोलांची सरासरीही योगायोगाने तेवढीच येते. मात्र या पद्धतीतली मेख १९२८ च्या भारतीय संघाने आधीच दाखवून दिली होती. अ‍ॅम्स्टरडॅमला त्या संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही, म्हणजे भागायचे ते शून्याने, आणि ते गणितात बसत नाही. भागाकाराऐवजी वजाबाकी करणारी गोलफरकाची पद्धत हळूहळू रूढ झाली. इंग्लंडच्या फुटबॉल लीगने ती १९७६–७७ च्या हंगामापासून स्वीकारली.

याच ३५ या आकड्याशी मराठी वाचकाची गाठ पुन्हा पडते ती इंडियन सुपर लीगच्या २०२०–२१ च्या हंगामात. मुंबई सिटी एफसी या क्लबने त्या वर्षी साखळीतील २० सामन्यांपैकी १२ जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि चार गमावले. फुटबॉलमध्ये विजयाला तीन आणि बरोबरीला एक गुण असल्याने त्याचे ४० गुण झाले. केलेले गोल ३५, स्वीकारलेले १८. दुसऱ्या क्रमांकावरील एटीके मोहन बागानचेही विजय, बरोबरी आणि पराभव तंतोतंत तेवढेच होते आणि गुणही ४०. गोलफरकात मुंबई १७ विरुद्ध १३ अशी पुढे होतीच, परंतु लीगच्या नियमानुसार समान गुण असताना आधी त्या दोन संघांमधील परस्पर सामने पाहिले जातात, आणि मुंबईने ते दोन्ही, एक १–० असा व २८ फेब्रुवारी २०२१ चा अखेरचा साखळी सामना २–० असा, जिंकले होते. १३ मार्चच्या अंतिम सामन्यातही मोहन बागानच समोर होता आणि बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला केलेल्या गोलामुळे मुंबई २–१ अशी जिंकली. या ३५ गोलांपैकी सहा ओडिशाविरुद्धच्या एकाच सामन्यात झाले, आणि एकही मुंबईत झाला नाही : करोनाच्या साथीमुळे सारा हंगाम गोव्यात फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील मैदानांवर प्रेक्षकांविना खेळवला गेला, त्यामुळे घरचे मैदान आणि परके मैदान हा तालिकेतला एरवीचा महत्त्वाचा भेद त्या वर्षी नावापुरता उरला.

दोन सामन्यांतील ३५ आणि वीस सामन्यांतील ३५ यांची तुलना करण्यात अर्थातच हशील नाही. खेळ निराळे, काळ निराळा आणि मुख्य म्हणजे प्रतिस्पर्धी निराळे. असाच प्रश्न खुद्द ग्वाल्हेरच्या मैदानावरही उभा राहिला. रूपसिंह हे ग्वाल्हेर संस्थानच्या लष्करात नोकरीला होते. त्यांचे नाव दिलेले कॅप्टन रूपसिंह स्टेडियम मुळात हॉकीचे, परंतु नाव कमावले ते क्रिकेटने. रणजी करंडकाचा १९९६–९७ चा मुंबई–दिल्ली अंतिम सामना तिथे प्रकाशझोतात खेळला गेला, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. २५ चौकार आणि तीन षटकार वगळले तरी ८२ धावा त्याने पळून काढल्या होत्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील हे पहिले द्विशतक असे सर्रास लिहिले जाते, परंतु त्यात ‘पुरुषांच्या’ हा शब्द घालायला हवा, कारण ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १६ डिसेंबर १९९७ रोजी मुंबईतच डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या. डेन्मार्कचा संघ तेव्हा दुबळा होता हे खरे. पण त्या कारणाने क्लार्कचा विक्रम बाजूला सारायचा, तर रूपसिंहांच्या दहा गोलांनाही तोच न्याय लावावा लागेल, आणि ते करायला कोणी धजत नाही.

सचिनचा दोनशेचा आकडा दोन वर्षांच्या आत, ८ डिसेंबर २०११ रोजी, इंदूरला वीरेंद्र सेहवागच्या २१९ धावांनी मागे पडला आणि नंतर रोहित शर्माने तो २६४ वर नेला. रूपसिंहांचे एका ऑलिम्पिक सामन्यातील दहा गोल मात्र अबाधित आहेत. आता ऑलिम्पिक हॉकीत पात्रतेच्या चाळणीतून आलेले बाराच संघ दोन गटांत खेळतात, आणि ज्याच्यावर २४ गोल चढवता येतील असा संघ त्या चाळणीतून सहसा खाली उतरत नाही.