कानामात्रा दिसतील असे अक्षर

मराठीत ‘द्यावी’ आणि ‘घ्यावी’ यांतला भेद एका बारीक वळणावर अवलंबून असतो. छापील कागदावर तो सहसा नजरेतून सुटत नाही. परंतु तोच शब्द बँकेच्या निरोपात, फिकट करड्या रंगात, फोनच्या पडद्यावर आला म्हणजे रक्कम द्यायची की घ्यायची, हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा राहत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळच्या उन्हात फोन कधी जवळ, कधी लांब धरणाऱ्या निवृत्त मंडळींना विचारून पाहावे.

पडद्यावरचे अक्षर कसे असावे याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. २००८ साली ते आजच्या स्वरूपात आले. २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांत भर पडली. अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान साडेचारास एक असावे, मोठ्या अक्षराला तीनास एक चालेल, आणि मजकूर दुप्पट मोठा केला तरी त्यातले काही नाहीसे होऊ नये, हे त्यांचे सार. साडेचारचा आकडा हवेतला नाही. ऐंशीच्या सुमारास नजर जितकी मंदावते, तिची भरपाई त्यात धरलेली आहे. मात्र पडद्यावर बाहेरून पडणाऱ्या प्रकाशासाठी या गणितात अवघी पाच टक्क्यांची तरतूद आहे. उघड्या मैदानात ऊन गडद अक्षरालाही उजळवते, आणि घरात काठावर उत्तीर्ण झालेला करडा रंग कट्ट्यावर नापास होतो.

याहून मोठी अडचण लिपीची आहे. ‘मोठे अक्षर’ म्हणजे १८ पॉइंट, ठळक असल्यास १४, अशी व्याख्या आहे. चिनी, जपानी व कोरियन लिप्यांसाठी तीत समतुल्य आकाराची सोय आहे. देवनागरीचा उल्लेख नाही. वस्तुतः रोमन अक्षराला जेवढी उंची मिळते, तेवढ्यातच आपल्याला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार बसवावे लागतात. मग मूळ आकृती आक्रसते, जोडाक्षर तर अधिकच. ओळींतले अंतर इंग्रजीच्या मापाने बांधले की रफार छाटला जातो. अक्षरांतले अंतर वाढवावे तर शिरोरेषा तुटते. लिपीला न मानवणारे अंतर वगळण्याची मुभा निकषांत आहे खरी, पण ती वापरायला मराठी वाचणारा माणूस कामावर हवा!

जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे देखणे खिळे ओतले ते याच मुंबईत. आजही इथल्याच ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ टंक विनामूल्य मिळतो. साधने नाहीत, ही सबब चालणार नाही.

कायद्याचीही उणीव नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले, आणि एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. हे नियम लिहिताना देवनागरीचे माप वेगळे लिहिले पाहिजे: मूळ आकार इंग्रजीहून मोठा, ओळ अधिक मोकळी, आणि गुणोत्तर निकषांतल्याच वरच्या पायरीचे, म्हणजे सातास एक. परीक्षाही वातानुकूलित कचेरीत नको. ती भर दुपारी, उघड्यावर, चाळिशीचा चष्मा लावलेल्या माणसाकडून करून घ्यावी. राज्यापुरते हे माप ठरवण्याचे काम भाषा संचालनालयाने अंगावर घ्यायला हरकत नसावी.