ध्रुव इतका वर कसा?

ऑनसाइट असलेल्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांचं तिसऱ्या आठवड्यात काय होतं, हे आमच्या कॅरीतल्या निम्म्या मराठी घरांना ठाऊक आहे. वॉलमार्ट पाहून होतं, देऊळ पाहून होतं, गाडी चालवता येत नाही आणि फूटपाथ मध्येच संपतो. २०१२च्या जुलैत माझे बाबा नेमके याच स्टेजला होते. रोज चहाबरोबर एकच प्रश्न, ‘परतीचं तिकीट अलीकडे घेता येतं का रे?’

म्हणून एका शनिवारी त्यांना अर्ध्या तासावरच्या चॅपल हिलला घेऊन गेलो. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या आवारात मोरहेड तारांगण आहे, तिथे सायन्स फिल्म्स दाखवतात. खरं सांगायचं तर माझा इंटरेस्ट एसीत होता.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीच्या आवारातलं हे पहिलं तारांगण, १९४९चं. पण खरी सॉलिड गोष्ट पुढची. १९६० ते १९७५ या काळात साठहून अधिक अंतराळवीर इथे तारे ओळखायला शिकले, आर्मस्ट्राँगसुद्धा! यानाचं मॉडेल प्लायवुडचं आणि ते फिरवायला न्हाव्याची खुर्ची. हा जुगाड हसण्यावारी नेऊ नका. १९६३ मध्ये गॉर्डन कूपरच्या यानातली स्वयंचलित यंत्रणा बंद पडली, तेव्हा हातातलं घड्याळ आणि खिडकीतून दिसणारे तारे यांच्या भरवशावर तो पठ्ठ्या पृथ्वीवर उतरला.

बाबांना हे सांगितलं. ‘हां,’ म्हणाले. बस्स.

फिल्म होती ‘अर्थ, मून अँड सन’. कोल्ह्याचा चुलतभाऊ शोभेल असा एक कायोटी चंद्रकला आणि ग्रहणांबद्दल नाही नाही ते ठोकून देतो आणि मग त्याच्या चुका सुधारल्या जातात. इथे समोर पडदा नसतो, डोक्यावर ६८ फुटांचा घुमट असतो. त्यामुळे सिनेमाचं गणितच बदलतं. चित्राला कडा नाहीत, फटाफट कट मारता येत नाहीत. कॅमेरा गर्रकन फिरवला तर प्रेक्षकाचं घाटातल्या एसटीत होतं तसं होईल. म्हणून सगळं संथ, तरंगत. छान आहे, पण मुलांसाठी आहे. दहाव्या मिनिटाला बाबा घोरायला लागले.

फिल्म संपली आणि निवेदिकेने त्या रात्रीचं आकाश लावलं. घुमटभर काळोख आणि तारे. मी बाबांना हलवलं. त्यांनी वर पाहिलं आणि पुटपुटायला लागले, ‘सप्तर्षी... स्वाती... चित्रा...’ आमच्या साताऱ्याकडच्या शेताला रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला ते लहानपणी आजोबांबरोबर जायचे. घड्याळ नव्हतं, तारे होते. हे मला तीस वर्षांत माहीत नव्हतं. अर्थात मी कधी विचारलं होतं म्हणा!

मग एकदम मोठ्यांदा, ‘ध्रुव इतका वर कसा? अढळ ना तो?’

पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण निवेदिका खूश! तिने मला भाषांतर करायला लावलं. आपण ज्या अक्षांशावर उभे असतो, साधारण तितक्याच अंशांवर ध्रुव दिसतो. चॅपल हिल जवळपास ३६ अंशांवर. ‘तुमचं गाव?’ मी फोनमध्ये बघून सांगितलं, साडेसतरा.

तिने काहीतरी दाबलं आणि अख्खं आकाश कललं. ध्रुव क्षितिजाकडे घसरत निम्म्यावर आला. मागे दक्षिणेला वृश्चिक शेपटी उगारून वर चढला. हॉलमधली पोरं ‘वॉव’ करत होती. बाबा चिडीचूप. खुर्चीचा हात घट्ट धरलेला.

परतताना गाडीत बराच वेळाने म्हणाले, ‘एवढा लांब आलायस होय तू.’

त्यानंतर ते रोज रात्री जेवण झालं की खाली पार्किंगमध्ये जायचे. दिव्यांच्या उजेडात फार काही दिसायचं नाही, पण ध्रुव सापडायचा. दोनदा मीही गेलो. बाकीच्या दिवशी क्लायंटचे कॉल होते.

तिकीट त्यांनी बदललंच. गणपतीला घरी हवे होते. पोचल्याचा फोन आला तेव्हा माझी दुपार आणि त्यांची रात्र होती. प्रवास कसा झाला, गुडघा दुखला का, मी विचारत होतो. ते अंगणात होते बहुतेक, मागे भजनाचा आवाज येत होता.

‘पोचलो,’ म्हणाले. ‘ध्रुव जागेवर आहे.’