मोटारीच्या पोटात स्टार्टर नको

मागच्या आठवड्यात आपण डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणजे काय ते पाहिलं. एखाद्या क्लासला कामासाठी जे लागतं ते त्याने स्वतःच्या आत तयार करायचं नाही, बाहेरून त्याच्या हातात द्यायचं, एवढीच ती गोष्ट. त्यावर इथल्याच, नांदेडच्या, इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीने विचारलं: "मी एक छोटी लायब्ररी लिहितेय. इंजेक्शन एवढं चांगलं असेल, तर लायब्ररीच्या आत स्प्रिंग टाकू का?"

टाकू नये, असं माझं मत आहे. का, ते आज तिचीच लायब्ररी समोर ठेवून पाहू.

तिची लायब्ररी आकड्यातली रक्कम मराठी अक्षरांत लिहून देते. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन विकून शेतकरी जी पट्टी घेऊन घरी येतो, तिच्यात वजन, भाव, हमाली, तोलाई असे रकाने असतात आणि शेवटी निव्वळ रक्कम. तिथे १,४७,३५९ असा आकडा असेल तर खाली 'अक्षरी रुपये एक लाख सत्तेचाळीस हजार तीनशे एकोणसाठ फक्त' असं यायला हवं. काम वाटतं तितकं सोपं नाही. इंग्रजीत वीसच्या पुढे दशकाचं नाव घेऊन एकक जोडला की भागतं. मराठीत १ ते १०० मधल्या प्रत्येक आकड्याला स्वतःचं नाव आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणनव्वद असं म्हणत जावं, तर ९९ ला एकदम नव्व्याण्णव. शिवाय कोणी 'पंचाहत्तर' लिहितं, कोणी 'पंच्याहत्तर'. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्या रीतीवरून राज्यभर केवढा वाद झाला ते अनेकांना आठवत असेल.

म्हणजे शब्दांची सारणी ही या लायब्ररीची खरी डिपेंडन्सी आहे. आडत दुकानाला एक सारणी हवी, शाळेच्या ॲपला दुसरी. ती बाहेरून देता आली पाहिजे. इथपर्यंत त्या मुलीचा विचार अगदी बरोबर होता.

घोटाळा पुढे होतो, कारण दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकाच नावाने हाक मारतो. इंजेक्शन ही कोड लिहिण्याची रीत आहे. कंटेनर हे त्या रीतीवर चालणारं यंत्र आहे, आणि स्प्रिंग हा तसाच एक कंटेनर. मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मध्ये एका लेखातून हे नाव रूढ केलं, तेव्हाच त्यांनी रीत आणि कंटेनर या दोन्हींची चर्चा केली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंगची १.० आवृत्ती आली, २००७ मध्ये गुगलचं ग्युस आलं, आणि पुढे कंटेनर इतके सर्रास झाले की कंटेनरशिवाय इंजेक्शन होतं हेच लोक विसरले. साधा कन्स्ट्रक्टर आणि त्याला दिलेली सारणी, बस, झालं इंजेक्शन.

कंटेनर काय करतो? कोणाला काय लागतं, कोणी आधी तयार व्हायचं, एक नग पुरेल की दर वेळी नवा हवा, हे सगळं तो ठरवतो. हे ठरवायला अख्खं ॲप्लिकेशन डोळ्यासमोर असावं लागतं. मार्क सीमन या लेखकाने या जागेला 'कंपोझिशन रूट' म्हटलंय: प्रोग्राम जिथे सुरू होतो तिथली ती एकच जागा, जिथे सगळे भाग जोडले जातात. लायब्ररी स्वतः सुरू होत नसते, तिला कोणीतरी बोलावतं. मग ही जागा तिच्यात असणार कुठून?

आपल्याकडच्या शेतातली पाण्याची मोटार बघा. विहिरीत सोडायची मोटार दुकानातून येते तेव्हा तिच्यातून केबलची टोकं बाहेर आलेली असतात. स्टार्टरची पेटी वेगळी असते, ती वर खोपीत भिंतीला बसवतात. अर्धापूरच्या केळीच्या मळ्यात एक मोटार असेल, दुसरीकडे एकाच खोपीतून दोन चालत असतील. कोणी ऑटोस्विच लावतं, कोणी रात्री लाईट आली की बॅटरी घेऊन जातं. कुठली पेटी लावायची ते त्या शेताची लाईट, तिथली वायरिंग आणि तिथला माणूस बघून ठरतं. मोटार बनवणाऱ्याने ती पेटी मोटारीच्या पोटात कायमची बसवून दिली, तर खोपीत आधीच पेटी असलेल्या शेतकऱ्याने काय करायचं?

लायब्ररीच्या पोटातला कंटेनर हे तेच करतो. हे मी स्वतः केलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो. काही वर्षांपूर्वी मी तारखा आणि मुदती मोजणारी एक लायब्ररी लिहिली. वेळ कुठून घ्यायची हे बदलता यावं म्हणून आत घड्याळाचा एक बीन, म्हणजे कंटेनरने सांभाळायची वस्तू, ठेवला आणि लायब्ररी जोडली की तो आपोआप नोंदला जाईल अशी सोय केली. मला वाटलं, वापरणाऱ्याचे कष्ट वाचवले. एका संस्थेच्या ॲप्लिकेशनमध्ये स्वतःचं घड्याळ आधीपासून होतं. लायब्ररी जोडली आणि ॲप्लिकेशन सुरूच होईना: एक बीन हवा होता, दोन सापडले. त्या मुलांनी संध्याकाळभर स्वतःचा कोड तपासला. चूक माझ्या कोडमध्ये होती आणि तिथे बघायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

दुसरा फटका आवाज न करता बसला. आपोआप नोंदणीसाठी मी स्प्रिंग बूटच्या जुन्या 'स्प्रिंग फॅक्टरीज' फाईलवर विसंबलो होतो. मे २०२२ मध्ये बूट २.७ ने त्यासाठी नवी फाईल आणली, आणि नोव्हेंबर २०२२ च्या ३.० आवृत्तीने नोंदणीसाठी जुनी फाईल वाचणंच बंद केलं. माझ्या लायब्ररीतली एक ओळही बदलली नव्हती, तारखांचं गणितही बरोबर होतं, तरी ती निकामी झाली. ज्या कामाचा स्प्रिंगशी काडीचा संबंध नाही, ते स्प्रिंगच्या वेळापत्रकाला मी बांधून ठेवलं होतं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनने सुरुवातीच्या काळात ग्युस वापरलं, पण ते अवलंबन म्हणून न जोडता त्याचा कोड उचलून स्वतःच्या पॅकेजमध्ये ठेवला. पुढे अनेक वर्षं ते लोक तो कोड थोडाथोडा करून काढत राहिले. आत घालणं सोपं असतं. बाहेर काढायला वर्षं लागतात.

मग मधला मार्ग म्हणून कोणी सुचवतं की कंटेनर नको, कोडमध्ये फक्त खुणा, म्हणजे ॲनोटेशन, वापरा. ऑक्टोबर २००९ मध्ये जावाच्या जेएसआर ३३० ने पाच ॲनोटेशन आणि एक इंटरफेस असं अगदी लहान प्रमाण ठरवलं, जे स्प्रिंगलाही कळतं आणि ग्युसलाही. विचार चांगला होता. पण नंतर 'जावाएक्स'चं नाव 'जकार्ता' झालं आणि त्या खुणांचं पॅकेजही बदललं. कोणाचा कंटेनर जुनी खूण ओळखतो, कोणाचा नवी. सहा क्लासच्या लायब्ररीने हे झेंगट गळ्यात घेऊ नये.

त्या मुलीला मी जे सुचवलं ते असं. मुख्य क्लासला दोन कन्स्ट्रक्टर ठेव. एकाला काहीच द्यावं लागू नये, तो रूढ शब्दसारणी घेऊन लगेच कामाला लागावा. दहापैकी नऊ जण तोच वापरतील. दुसरा सारणी आणि पैशांची पूर्णांकन-रीत बाहेरून घेईल. सारणी हा एक छोटा इंटरफेस असू दे, ज्याला आकडा दिला की शब्द मिळतो. आतले चार-पाच क्लास एकमेकांना 'न्यू' लिहून हाताने जोड. हे सगळं मिळून वीस-पंचवीस ओळी होतात, आणि वाचणाऱ्याला कोण कोणाला जोडलंय ते एका नजरेत दिसतं.

स्प्रिंगवाल्यांसाठी सोय करायची असेल तर जरूर कर, पण वेगळ्या पॅकेजमध्ये. योगायोग असा की स्प्रिंग बूटच्या जगात अशा पॅकेजला 'स्टार्टर'च म्हणतात. आधी आपल्या लायब्ररीचं नाव आणि मग 'स्प्रिंग बूट स्टार्टर' असा रिवाज आहे. त्यात प्रत्येक बीनवर 'वापरणाऱ्याने स्वतःचा दिला नसेल तरच' ही अट घाल. मी तेव्हा नेमकी ती अट घातली नव्हती. उद्या स्प्रिंग बदललं तर हा पातळ स्टार्टर बदलेल, सत्तेचाळीस हजार मात्र सत्तेचाळीसच राहतील.

हीच शिस्त लॉगच्या बाबतीत जावाच्या जगाने फार पूर्वी अंगी बाणवली. चांगली लायब्ररी एसएलएफ४जे या पातळ इंटरफेसशीच बोलते. लॉग प्रत्यक्ष कोण लिहिणार, हे ॲप्लिकेशन ठरवतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजेमधलं सुरक्षेचं भगदाड उघडं पडलं, तेव्हा अशा लायब्ररींना हात लावावा लागला नाही. लॉग लिहिणारा भाग ॲप्लिकेशनच्या हातात होता, दुरुस्तीही तिथेच झाली.

एक अपवाद मी मानतो. कंपनीत सगळी ॲप्लिकेशन्स स्प्रिंगवरच असतील आणि कोड त्यांच्यापुरताच असेल, तर आत स्प्रिंग वापरायला हरकत नाही. फक्त त्याला स्प्रिंगचं मॉड्यूल म्हणावं, स्वतंत्र लायब्ररी म्हणू नये. आणि लायब्ररीतले भाग हाताने जोडताच येत नाहीत इतके वाढले असतील, तर कंटेनर आणण्याआधी ती दोन लायब्ररींत फोडता येते का ते बघावं.

पुढच्या आठवड्यात लायब्ररीच्या आवृत्तीचे आकडे कसे ठरवायचे ते पाहू. तोवर तुमच्या एखाद्या लायब्ररीची अवलंबनांची यादी उघडा, त्यातला कंटेनर तात्पुरता काढून टाका आणि बिल्ड चालवून बघा. जिथे जिथे मोडेल त्या ओळी लिहून मला कळवा. त्यांतली एक-दोन उदाहरणं घेऊन आपण पुढे बोलू.