मोका गावात कॉफी नाही

भाचा मॉरिशसला फिरायला गेला होता. येताना त्यानं तिथल्या चहाचा एक पुडा आणला, बोआ शेरी नावाचा. आमच्या घरी चहाचे नियम ठरलेले आहेत. पाण्यात आलं किसायचं, साखर, मग पावडर, दोन उकळ्या, आणि शेवटी दूध. तेच नियम या पुड्याला लावले, तर घरभर व्हॅनिलाचा वास सुटला. आईनं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "चहात आइस्क्रीम सांडलं का रे?" आलं आणि व्हॅनिला एका पातेल्यात नांदत नाहीत हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी आलं वगळलं, तर चहा झकास झाला. मग या बेटावर चहा कुठून आला आणि आता किती उरलाय, याच्या मागे लागलो.

मॉरिशस सुमारे 2,040 चौरस किलोमीटरचा देश. आपला नाशिक जिल्हा साडेपंधरा हजारांचा, म्हणजे त्यात असे सात देश मावून वर जागा उरेल. एवढ्याशा जमिनीत एका पिकाला बसवायचं तर दुसऱ्याला उठवावं लागतं. ब्राझील किंवा आसामच्या पसाऱ्यात ही ओढाताण चटकन दिसत नाही. इथे ती उघडी पडते.

पहिली उठली ती कॉफी. फ्रेंचांनी 1715 मध्ये बेट घेतलं आणि येमेनमधल्या मोखा बंदराची कॉफी तिकडे आली. बेटाच्या मध्यावरच्या मोका या जिल्ह्याला आणि गावाला नाव मिळालं ते तिच्यावरून. पुढे 1735 मध्ये ला बूर्दोने गव्हर्नर म्हणून आला, त्यानं ऊस लावून धरला. कारण साधं होतं. बेटावर चक्रीवादळं येतात. वादळात कॉफीचं झाड मोडलं की काही वर्षं गेली. ऊस आडवा होतो, पण खोडवा फुटतो. आज कॉफी आहे ती नैऋत्येच्या शामारेल डोंगरात, थोडक्या एकरांत, बरीचशी पर्यटकांच्या कौतुकापुरती. मोक्यात कॉफीचे मळे नाहीत. तिथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे मराठी शिकवली जाते. 1834 पासून गिरमिटिया मजुरांची जहाजं लागू लागली, त्यात रत्नागिरीकडची माणसंही होती. ती आली उसासाठी. कॉफीच्या नावाच्या गावात त्यांच्या पणतू-खापरपणतूंनी मराठी गिरवावी, हा इतिहासाचा जरा तिरकस विनोद.

चहाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. अठराव्या शतकात हौसेनं लावलेली झाडं होतीच, पण धंद्याचा चहा आला 1892 मध्ये, बोआ शेरीला. हा भाग दक्षिणेकडच्या उंच, ओल्या, धुकट पठारावर. जवळच गंगा तलाव आहे. नाशिककर "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो तेव्हा गोदावरीवरच जातो. तिकडच्यांनीही विवराच्या तळ्याला गंगा केलं आणि 1972 मध्ये खऱ्या गंगेचं पाणी त्यात ओतलं. स्वातंत्र्यानंतर सरकारनं चहा मनावर घेतला. 1971 मध्ये चहा विकास प्राधिकरण उभं राहिलं, छोट्या शेतकऱ्यांना मळे दिले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला चहाखाली चार हजार हेक्टरच्या आसपास जमीन होती.

आणि मग हातच कमी पडले. चहाची तोडणी दर आठ-दहा दिवसांनी, दोन पानं आणि एक कळी, पाठीवर करंडी, पहाटेच्या ओल्यात. हे काम बायकांचं. पण 1970 च्या कायद्यानं निर्यातीसाठी कापडाचे कारखाने निघाले होते. डोक्यावर छप्पर आणि महिन्याचा पगार असं स्वेटर विणण्याचं काम मिळत असेल तर चिखलात कोण उभं राहील? वर जगात चहाचे भाव पडले. सरकारी तिजोरीतून तूट किती भरायची? नव्वदच्या दशकात चहा उपटून तिथे ऊस लावण्याची योजना आली. उसाला युरोपचा आधार होता: 1975 च्या करारानुसार युरोप तिथली जवळपास पाच लाख टन साखर हमीभावानं घेत असे, तोही जागतिक भावापेक्षा बहुतेक वर्षं बराच चढा. चहाची जमीन हजार हेक्टरच्या आत आली.

आणि मग 2006 पासून युरोपनं साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानं 36 टक्के उतरवला. 2009 मध्ये करारच संपला.

ज्यांनी चहा उपटायला लावला त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्या वर्षीच्या आकड्यांत त्यांचं गणित बरोबर होतं. पण चहाचं झुडूप पन्नास-पन्नास वर्षं पान देतं, पहिली तोड यायलाच तीनेक वर्षं लागतात. अशा झाडाचा निकाल दोन-चार वर्षांच्या भावावर लावायचा?

हेच गणित जगभर चाललंय. व्हिएतनाममध्ये कित्येकांनी कॉफी काढून ड्युरियन फळ लावलं. त्यात तिकडचा आणि ब्राझीलचा दुष्काळ. फेब्रुवारी 2025 मध्ये अरेबिका पौंडाला 4 डॉलरच्या वर गेली. कोकोचं उलट. आयव्हरी कोस्ट आणि घाना मिळून जगाचा निम्म्याहून अधिक कोको पिकवतात, पण वर्षानुवर्षं हातात काही पडेना म्हणून म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी लावलीच गेली नाहीत. रोग आला, पाऊस चुकला, आणि मार्च 2024 मध्ये टनाचा भाव 10,000 डॉलर ओलांडून गेला. 2025 संपायच्या आत तो निम्म्यावरही आला. मॉरिशसला कोकोचं मोठं पीक कधी नव्हतंच, त्यांना चॉकलेटचं दु:ख आपल्यासारखंच, दुकानात. भारतातही 2023 मध्ये 139 कोटी किलो झालेला चहा 2024 मध्ये 128 कोटींवर आला. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं दर तोच ठेवला, पेला बदलला. कटिंगचंही कटिंग झालं.

परवा निफाडकडचा एक मित्र आला होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं थॉमसन द्राक्षांची अर्धी बाग काढली. अवकाळीनं दोन हंगाम खाल्ले होते. बाग उभी करायला दीड-दोन वर्षं गेली होती, कुऱ्हाडीला एक सकाळ पुरली. पुड्यातला शेवटचा चहा त्याच्यासाठी केला, आलं न घालता, आणि ही सगळी कथा सांगितली. युरोपबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही.

"मग उसाच्या जागी काय लावलं?" एवढंच म्हणाला.

म्हटलं, बरीच जमीन पडीक राहिली. कुठे गोल्फची मैदानं आणि परदेशी लोकांसाठी बंगले झाले. मोक्यात तर एका साखर कंपनीच्याच जमिनीवर मॉल आणि स्मार्ट सिटी उभी राहतेय.

त्यानं कप बशीत ठेवला. "आमच्याकडचं रस्त्याकडेचं पण एनए झालंय," तो म्हणाला, "बोर्ड लागलाय गेल्या महिन्यात."