एका खळग्याची शिक्षा

आपल्या शीवच्या शेजारी, चेंबूरला, १९२७ साली स्थापन झालेला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. या खेळात अठरा खळग्यांत चेंडू घालण्यास लागलेले फटके मोजतात. ज्याचे कमी, तो विजयी. परंतु चार फटक्यांच्या एखाद्या खळग्यावर नऊ फटके गेले, की उरलेले सतरा कितीही सुंदर खेळा, ते ओझे शेवटपर्यंत वाहावे लागते!

डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी यावर गुणपद्धती काढली. १९३२ साली इंग्लंडमधील वॉलेसी क्लबात तिच्याप्रमाणे स्पर्धा झाली. नेमलेल्या फटक्यांत चेंडू खळग्यात गेला तर २ गुण. एक फटका जास्त लागल्यास १, एक कमी लागल्यास ३. दोन किंवा अधिक जास्त लागले की शून्य. त्याखाली मात्र काही नाही. नऊ काय नि सहा काय, सारखेच! म्हणून पाच फटक्यांत काम झाले नाही, तर खेळाडू चेंडू उचलून पुढे निघतो आणि मागच्यांचा खोळंबा टळतो. आपल्या एटीकेटीसारखीच ही सोय; फक्त राहिलेला पेपर पुन्हा द्यावा लागत नाही.

नवख्याला हँडिकॅपचाही आधार असतो. हँडिकॅप १८ असल्यास दर खळग्यावर एक फटका माफ, म्हणजे त्याचे पाच ते चारच. ब्रिटिश ओपनमध्ये मात्र आजही फटकेच मोजतात.